लष्करी अंमल, इहवाद आणि इस्लाम : कुरुंदकर व दलवाई यांच्या वैचारिक लेखनाच्या निमित्ताने

नरहर कुरुंदकर आणि हमीद दलवाई यांचा जन्म एकाच वर्षातला. कुरुंदकर १५ जुलै १९३२ रोजी तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील नांदापूर येथे जन्मले. दलवाई त्याच वर्षी २९ सप्टेंबरला, रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणजवळच्या मिरजोळी येथे. दोघेही पन्नाशी गाठण्यापूर्वी गेले. धर्म आणि राज्यसंस्था यांचा संबंध काय असावा, आणि इस्लामी राजकारणाशी आधुनिक लोकशाहीने कसा व्यवहार करावा, हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर मराठी गद्यात ज्यांनी भिडेखातर सौम्य न करता मांडला, त्यांत या दोघांचे स्थान पहिल्या रांगेतले आहे. दोघांची नावे बहुधा जोडीने घेतली जातात. त्यामुळे त्यांच्यातला एक महत्त्वाचा फरक मात्र दृष्टीआड होतो. कुरुंदकरांच्या मुलूखात मुसलमान हा राज्यकर्त्याच्या धर्माचा होता. दलवाईंच्या गावात तो शेजारी होता, आणि तोही संख्येने थोडका. एकाचा विचार सत्तेपासून सुरू होतो, दुसऱ्याचा घरापासून.

कुरुंदकरांचे धर्मनिरपेक्षतेविषयीचे लेखन वाचताना १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख समोर ठेवावी लागते. त्या दिवशी हैदराबादच्या निजामाने शरणागती जाहीर केली. कुरुंदकर तेव्हा सोळा वर्षांचे होते. एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या आसपास लोकवस्ती असलेल्या त्या संस्थानात मुसलमानांचे प्रमाण आठव्या हिश्श्याच्या जवळपास होते. राज्याची भाषा उर्दू, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू, आणि वरिष्ठ नोकरशाही बहुतांशी मुसलमान, अशी ही व्यवस्था होती. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतला शेतकरी आपल्याच गावात सरकारी कागद वाचू शकत नव्हता. परंतु एवढ्यावरून निजामाच्या राजवटीला इस्लामी राज्य म्हणता येईल काय? तिचा पाया जहागिरीचा होता. मुलूखाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जहागीरदारांकडे होता, आणि त्या जहागीरदारांत हिंदू संस्थानिक व देशमुखही होते. राजाला धर्माची गरज भासली ती सत्ता डळमळू लागल्यावर.

ही गरज मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने भागवली. १९२७ साली निघालेल्या या संस्थेला बहादूर यार जंग यांच्या वक्तृत्वाने वैचारिक धार दिली. प्रत्येक मुसलमान हा राज्याचा धनी आहे आणि निजाम हे त्या सामूहिक धनीपणाचे प्रतीक आहे, असा तिचा सिद्धांत होता. ‘अनल मलिक’ या नावाने तो ओळखला गेला. राजकीय विचाराचा इतिहास अभ्यासणाऱ्याने या सिद्धांताकडे थांबून पाहिले पाहिजे. त्यात जमातीचे सार्वभौमत्व आहे, म्हणजे एका अर्थाने लोकांचे सार्वभौमत्व आहे. फक्त ‘लोक’ या शब्दातून सात-अष्टमांश प्रजा वगळलेली आहे. हैदराबादच्या गल्लीतल्या टांगेवाल्याला किंवा लातूरच्या बाजारातल्या पिंजाऱ्याला या सिद्धांताने एक इंच जमीन दिली नाही. त्याला दिली ती धनीपणाची पदवी. १९४४ साली बहादूर यार जंग वारले आणि दोन वर्षांनी लातूरचे वकील कासीम रझवी संघटनेचे अध्यक्ष झाले. पदवीच्या जागी लाठी आली, पुढे बंदूक आली, आणि ‘रझाकार’ हा स्वयंसेवक या अर्थाचा साधा शब्द मराठीत कायमचा दहशतीचा पर्याय होऊन बसला.

या राजकारणाविरुद्ध उभे राहणाऱ्यांत एक मुसलमान संपादक होता, ही गोष्ट मराठी वाचकाला सांगावी लागते. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील होण्याची बाजू उघडपणे घेतली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हैदराबादेत हत्या झाली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने लढ्याचे स्वरूप हिंदू विरुद्ध मुसलमान असे होऊ न देण्याचा जो आग्रह धरला, त्याची किंमत काय होती हे या एका नावावरून कळते. कुरुंदकरांची मांडणी याच परंपरेतली आहे. हैदराबादचा लढा त्यांनी लोकशाही आणि सरंजामशाही यांच्यातला लढा म्हणून वाचला. त्याचबरोबर त्या सरंजामशाहीने धर्माचा आधार घेतला तेव्हा त्या धर्माच्या परंपरेत असे काय होते की तिला तो आधार सहज मिळाला, हा अवघड प्रश्नही त्यांनी टाळला नाही. पहिल्या अर्ध्या भागावर थांबणारे पुरोगामी आणि दुसऱ्या अर्ध्या भागापासूनच सुरुवात करणारे हिंदुत्ववादी, असे दोन्ही प्रकारचे वाचक त्यामुळे त्यांच्यावर रुष्ट होत राहिले.

येथून लष्करी अंमलाचा प्रश्न सुरू होतो. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले, पाच दिवसांत मोहीम संपली, आणि मेजर जनरल जयंतनाथ चौधरी हे लष्करी गव्हर्नर झाले. डिसेंबर १९४९ पर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा महिने, संस्थानात लष्करी अंमल होता. मुलकी कारभार पाहायला मुंबई इलाख्यातून डी. एस. बाखले यांच्यासारखे सनदी अधिकारी आले. मराठी स्मरणग्रंथांत १५ ऑगस्ट १९४७ नंतरच्या तेरा महिन्यांचे वर्णन विपुल आहे. सरहद्दीवरच्या छावण्या, जाळलेली गावे, तुरुंगातील दिवस या सर्वांची नोंद झाली. अनंत भालेराव यांचा हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावरील १९८७ सालचा ग्रंथ त्या लेखनाचा मुकुटमणी म्हणावा लागेल. तेराच्या मागोमाग आलेले पंधरा महिने मात्र त्या मानाने फार थोड्या ओळींत आटोपतात. जणू मुक्तीनंतर इतिहासाने काही काळ रजा घेतली होती.

वास्तविक राज्यशास्त्राच्या दृष्टीने हे पंधरा महिने अधिक उद्बोधक आहेत. फेब्रुवारी १९४९ मध्ये निजामाची खाजगी मालमत्ता असलेला सर्फ-ए-खास मुलूख राज्यात विलीन झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जहागिऱ्या रद्द करण्याचा कायदा आला. इत्तेहादवर बंदी आली, रझवी तुरुंगात गेले. निवडून आलेल्या विधिमंडळाला जे काम करायला कदाचित एक तप लागले असते ते एका सेनापतीच्या सहीने काही महिन्यांत झाले. धर्मसत्तेचा आर्थिक कणा मोडायचा तर प्रबळ राज्ययंत्रणा हवी, हा धडा मराठवाड्यातील एका संवेदनशील तरुणाने त्या वयात घेतला असेल तर नवल नाही. कुरुंदकरांच्या विवेचनात राज्यसंस्थेच्या हस्तक्षेपाच्या अधिकारावर जो सततचा भर आहे, त्याची मुळे केवळ ग्रंथवाचनात शोधणे अपुरे ठरेल.

परंतु त्याच लष्करी अंमलाची दुसरी बाजू आहे. कारवाईनंतरच्या आठवड्यांत गावोगाव मुसलमानांवर सूड उगवला गेला. भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना मिस्री यांचे पथक नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरले. त्यांच्या सावध अंदाजाप्रमाणे सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे दोन मराठी जिल्हे होते. उरलेले दोन गुलबर्गा व बीदर. काही ठिकाणी सैनिकांनी लुटीला उत्तेजन दिले, काही ठिकाणी हत्येत भाग घेतला, असेही पथकाने लिहिले. आणि शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद केली. सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. तो अभ्यासकांपर्यंत पोचायला अर्धशतक लोटले. ज्या मोहिमेत रणगाडे आणि विमाने होती तिला ‘पोलीस कारवाई’ म्हणण्यात आले. राजनैतिक सोयीसाठी निवडलेला हा शब्द मराठीने इतक्या निमूटपणे स्वीकारला की त्याच्या आड काय झाले हे विचारण्याची भाषाच उरली नाही.

इहवादाच्या कोणत्याही मराठी मीमांसेची खरी कसोटी येथे आहे. सेक्युलर राज्य धर्माच्या आधारे उभ्या असलेल्या सत्तेला मोडून काढू शकते, एवढे हैदराबादने सिद्ध केले. ते सेक्युलर राज्य, आपल्याच विजयाच्या क्षणी, पराभूत सत्तेच्या धर्माच्या निरपराध माणसांना वाचवू शकते काय? याचे उत्तर १९४८ च्या शरद ऋतूत किमान दोन मराठी जिल्ह्यांत नकारार्थी आले. या उत्तराला सामोरे गेल्याविना रझाकारांविषयीचे लेखन पूर्ण होत नाही. आणि केवळ या उत्तराचाच पाठ करून रझाकारांचा विसर पाडणे हीही तितकीच मोठी लबाडी होय.

कुरुंदकरांची धर्मनिरपेक्षतेची कल्पना ‘जागर’ (१९६९) आणि ‘शिवरात्र’ (१९७०) या काळातल्या त्यांच्या लेखनातून स्पष्ट होते. सर्व धर्म सारखेच चांगले, या सर्वधर्मसमभावाला ते इहवाद मानीत नाहीत. ऐहिक जीवनाचे नियम धर्माने ठरवायचे नाहीत, ते लोकांच्या राज्याने ठरवायचे, आणि धर्माने त्यात अडथळा आणला तर राज्याने धर्मात हस्तक्षेप करायचा, हे त्यांच्या भूमिकेचे सार आहे. भारतीय संविधानाचा पंचविसावा अनुच्छेद त्यांच्या बाजूने बोलतो, कारण त्यात धर्मस्वातंत्र्याबरोबर सामाजिक सुधारणेसाठी कायदा करण्याचा राज्याचा अधिकारही नमूद आहे. शब्दांची गंमत अशी की संविधानाच्या उद्देशिकेत हे तत्त्व शब्दरूपाने आले ते १९७६ साली, आणीबाणीत, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. हिंदी पाठात ते ‘पंथनिरपेक्ष’ झाले आणि मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’. एकाच संविधानाचे दोन भाषिक अवतार दोन वेगळ्या आश्वासनांसारखे वाचता येतात. पंथनिरपेक्ष राज्य धर्माला हात लावणार नाही असे समजण्यास वाव आहे. धर्मनिरपेक्ष राज्य निदान नावापुरते तरी धर्माच्या बाहेर उभे आहे. मराठी विचारवंतांना ‘इहवाद’ हा तिसरा शब्द जवळचा वाटला तो या घोटाळ्यामुळेच.

कुरुंदकरांच्या गद्याची शक्ती वादपद्धतीत आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याने स्वतः मांडले नसते इतक्या जोरकसपणे ते मांडतात आणि मग एकेक विटकर काढीत जातात. व्याख्यानाची लय त्यांच्या लेखणीत कायम राहिली. वाचकाला आपण नांदेडच्या एखाद्या सभागृहात बसलो आहोत असे वाटते. या पद्धतीची मर्यादाही तेथेच आहे. इस्लाम त्यांच्यापुढे येतो तो मुख्यतः सिद्धांत आणि परंपरा म्हणून. कुराण, हदीस, खिलाफत, शरियत यांचा तर्क ते निर्दोषपणे उलगडतात. बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार या जातींनी बनलेला, मराठी बोलणारा, पिराच्या उरुसात हिंदूंबरोबर नारळ फोडणारा मुसलमान त्या तर्काच्या पानावर क्वचितच दिसतो. पुढे १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी जातीच्या अंगाने मुसलमान समाजाची मांडणी पुढे आणली, तेव्हा ही उणीव ठळक झाली.

वरून येणाऱ्या इहवादाचा जगातला सर्वांत मोठा प्रयोग तुर्कस्तानचा. मुस्तफा केमाल यांनी १९२२ साली सल्तनत आणि १९२४ साली खिलाफत संपवली, १९२६ मध्ये स्विस धर्तीचा नागरी कायदा आणला, १९२८ मध्ये लिपी बदलली. भारतीय सुधारकांच्या दोन पिढ्यांना या झपाट्याचे आकर्षण वाटत राहिले. पण ज्या सैन्याने स्वतःला त्या इहवादाचे राखणदार मानले त्याच सैन्याने १९६० साली निवडून आलेले सरकार उलथले आणि पुढच्या वर्षी माजी पंतप्रधान मेंदेरेस यांना फाशी दिले. १९८० साली पुन्हा सत्ता घेतल्यावर, डाव्यांना आवर घालण्यासाठी, सेनापतींनी १९८२ च्या संविधानात शाळांतून धर्मशिक्षण सक्तीचे केले. राखणदारानेच कुंपणाला फाटक बसवले. मशिदींतून आणि खेड्यांतून ज्या राजकारणाला दाबून ठेवले होते ते पुढे मतपेटीतून सत्तेवर आले, आणि २०१६ च्या जुलैत सैन्यातील एका गटाने उठाव केला तेव्हा लोक रणगाड्यांसमोर उभे राहिले.

पाकिस्तानचे उदाहरण मराठी वाचकाला अधिक अस्वस्थ करणारे आहे. १९६१ साली अयुबखान यांच्या लष्करी राजवटीने मुस्लिम कौटुंबिक कायद्याचा वटहुकूम काढला. तलाक दिल्यावर लेखी सूचना देणे व नव्वद दिवस थांबणे, दुसऱ्या विवाहासाठी लवाद मंडळाची परवानगी घेणे, अशी बंधने त्याने घातली. भारतात त्या वर्षी मुसलमान स्त्रीला यांपैकी एकही संरक्षण नव्हते. इस्लामच्या नावावर जन्मलेल्या राष्ट्रातील एका हुकूमशहाने जे केले ते सेक्युलर लोकशाहीला का जमू नये, असा प्रश्न येथील सुधारकांना पडणे स्वाभाविकच होते. मात्र त्याच अयुबखानांनी १९६२ च्या संविधानातून वगळलेले ‘इस्लामी’ हे विशेषण पुढच्याच वर्षी दुरुस्तीने परत घेतले. आणि १९७७ साली आलेल्या दुसऱ्या सेनापतीने, झिया-उल-हक यांनी, १९७९ मध्ये हुदूद कायदे लादले. अयुबखानांचा वटहुकूम रद्द झाला नाही, पण ज्या स्त्रीचे रक्षण त्याने करायचे होते तिच्यावरच व्यभिचाराचा खटला भरण्याची सोय शेजारी उभी राहिली. बांगलादेशाने १९७२ च्या संविधानात लिहिलेला इहवाद १९७७ साली लष्करी फर्मानाने पुसला गेला, १९८८ साली दुसऱ्या लष्करशहाने इस्लामला राज्यधर्म केले, आणि २०११ मध्ये इहवाद परत आला तो राज्यधर्माच्या कलमाशेजारी बसायला. सेनापतीला धर्माचे प्रेम नसते आणि द्वेषही नसतो. त्याच्याजवळ मते नसतात, म्हणून त्याला मान्यता दुसरीकडून मिळवावी लागते; ती कधी आधुनिकतेकडून मिळते, कधी मौलवीकडून.

दलवाईंचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर उठून दिसते. त्यांच्याजवळ सत्ता नव्हती, पक्ष नव्हता, जमातीचा पाठिंबा तर नव्हताच. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला तो सात मुसलमान स्त्रियांचा. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा लावा, ही मागणी होती. सात हा आकडा त्या काळी चेष्टेचा विषय झाला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. महात्मा फुल्यांच्या संस्थेचे नाव घेण्यात केवळ औचित्य नव्हते, कार्यपद्धतीची निवड होती. सुधारणा समाजातल्या माणसांनीच, समाजाचा रोष पत्करून, पोटातून उभी करायची असते, हा फुल्यांचा मार्ग त्यांनी घेतला. राज्याने कायदा करावा ही त्यांची मागणी होती खरी. परंतु तो कायदा मागणारा मुसलमान आधी निर्माण व्हावा, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. ‘मुस्लिम पॉलिटिक्स इन सेक्युलर इंडिया’ या १९६८ सालच्या, दिलीप चित्रे यांनी इंग्रजीत आणलेल्या पुस्तकात मुसलमान समाजात आत्मटीका करणारा आधुनिक वर्ग नसणे हेच त्यांनी दुखण्याचे मूळ मानले. त्याच पुस्तकात हिंदू पुनरुज्जीवनवादाविषयीही ते सावध करतात. त्यांचा सोयीपुरता उपयोग करणारे तेवढे पान उलटून पुढे जातात.

दलवाईंचे वैचारिक गद्य कुरुंदकरांच्या मानाने रूक्ष आहे. वाक्ये आखूड, युक्तिवाद सरळ, दाखले मोजके. पत्रकाराची घाई त्यात जाणवते. पण दलवाई ललित लेखकही होते, आणि येथे त्यांची बाजू जड होते. ‘लाट’ (१९६१) या कथासंग्रहातला आणि ‘इंधन’ (१९६५) या कादंबरीतला कोकणी मुसलमान सिद्धांत म्हणून येत नाही. आजारपणानंतर मुंबईहून गावी परतलेला ‘इंधन’चा निवेदक पाहतो ते घरातले रुसवे, जमिनीचे वाद, बाईच्या अब्रूचे राजकारण, कुळवाडी आणि मुसलमान यांच्यातले पिढ्यांचे लागेबांधे, नवबौद्धांचा जागा झालेला स्वाभिमान. दंगल पेटते तेव्हा तिला धर्माचे नाव मिळते. लाकूड आधीपासून रचलेले असते. कादंबरीचे शीर्षक नेमके तेच सांगते. ज्या लेखकाने आपल्या प्रबंधात मुस्लिम मनाच्या घडणीवर एवढा भर दिला, त्याच्याच कादंबरीत ती घडण गावाच्या एकूण रचनेत विरघळलेली दिसते. हा अंतर्विरोध म्हणून मांडण्याची प्रथा आहे. कादंबरीकार दलवाईंना जे कळले होते ते प्रचारक दलवाईंना सभेत सांगता येण्याजोगे नव्हते, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

दलवाई ३ मे १९७७ रोजी मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे चंदनवाडीत कोणत्याही धर्मविधीविना त्यांच्या देहाचे दहन झाले. आठ वर्षांनी, १९८५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो यांच्या पोटगीचा निर्णय दिला आणि १९८६ साली संसदेने कायदा करून तो बोथट केला. लोकशाही राज्यही मौलवीकडून मान्यता मागू शकते, हे त्यावेळी दिसले. एका दमात दिला जाणारा तीन वेळचा तलाक न्यायालयाने रद्दबातल ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी; त्याला गुन्हा ठरवणारा कायदा २०१९ मध्ये झाला. सात स्त्रियांच्या मागणीतला एक भाग त्रेपन्न वर्षांनी मान्य झाला. तो ज्या राजकीय वातावरणात मान्य झाला त्यात नवऱ्याला तुरुंगात धाडण्याचा उत्साह जास्त होता आणि टाकलेल्या बायकोच्या पोटाची काळजी कमी, ही टीका मुसलमान स्त्रियांच्या संघटनांतूनही झाली. मोर्चातील मागणी स्त्रीच्या हक्काची होती. कायद्याच्या चर्चेत ती शिक्षेची झाली.

कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत, व्यासपीठावर असतानाच हृदयविकाराने गेले. सुंदरलाल पथकाचा अहवाल खुलेपणी वाचायला मिळाल्यावर त्यांनी काय लिहिले असते, हा तर्क निरर्थक आहे. त्यांची पद्धती मात्र उपलब्ध आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पुरतेपणी मांडावे, मग उत्तर द्यावे, या शिस्तीने १७ सप्टेंबर आणि त्यानंतरचे पंधरा महिने लिहायचे तर उस्मानाबाद-नांदेडच्या ज्या घरांतून त्या शरदात पुरुष परतले नाहीत त्या घरांच्या आठवणी, आणि त्याआधीच्या उन्हाळ्यात रझाकारांनी जाळलेल्या घरांच्या आठवणी, एकाच ग्रंथात शेजारी ठेवाव्या लागतील. त्यांतल्या पुष्कळशा उर्दूत आणि दखनीत आहेत. आणि मराठवाड्यात उर्दू वाचू शकणारे मराठी अभ्यासक दर पिढीत कमी होत आहेत.